तक्त्याला लावलेला कौल

कौल कसा लावतात ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथूनच झाला.

आमच्या सातेरीच्या देवळात पाषाणाच्या दोन अंगांना सुरंगीच्या कळ्या पाण्यात भिजवून चिकटवायच्या. गावकरी, म्हणजे गावचा मानकरी, गाऱ्हाणं घालतो, बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. पण नकार आला म्हणून कोणी उठून घरी जात नाही. प्रश्न जरा बदलायचा. वैशाखात नको म्हणतेस, तर माघात करू का? मोठं जेवण नको, तर नुसता नारळ देऊ का? पुन्हा कळ्या लावायच्या. देवीही घरचीच, विचारत राहिलं की कुठे तरी उजवं देते. हे कळ्या लावायचं काम आमच्या गुरवांच्या घराण्याचं, आणि मी, भिवा गुरव, ते जन्मभर करत आलो.

कळ्या ज्या झाडाच्या, ते झाड देवळाच्या बाजूला आमच्या घरासमोर आहे. माझ्या आईने लावलेलं आणि माझ्या बायकोने, सगुणाने वाढवलेलं. सुरंगी फुलली की वाडीत पाहुणा आला तरी वास कशाचा म्हणून विचारत नाही, झाड कुठे आहे तेवढंच विचारतो.

दोन हजार एक्केचाळीस सालच्या पावसात देवळापुढचा मांड खाली गेला. मांड म्हणजे शिमग्यात पालखी नाचते ते सपाट अंगण. आमच्याकडे वर जांभा आणि खाली शेडी. शेडी म्हणजे पांढरट, गुळगुळीत माती. भिजली की साबणासारखी होते. कोणाला खरचटलंही नाही, पण मांडाचा पुढचा भाग सुटून खालच्या पोफळीच्या बागेत जाऊन बसला. मागे उरली सुरंगी, आणि सुरंगीमागे आमची घरं.

जिल्ह्यावरून माणसं आली, सगळीकडे फिरली आणि त्यांनी सरळ सांगितलं. पुढच्या पावसाआधी मांडाला भरवशाची भिंत उभी राहिली तर वाडी इथे राहील. नाही तर सगळ्यांना वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, नव्या वसाहतीत जावं लागेल. वसाहत काही वाईट नव्हती. नळ होते, विजेची बस दारात येत होती.

सगुणाने त्या साहेबांना एवढंच विचारलं, "माझी सुरंगी थय चलत येतली काय?"

साहेबांनी चहा संपवला आणि निरोप घेतला.

मग निलोफर काझी आली. राजापूरकडची इंजिनीअर मुलगी, आमच्या नातीच्या वयाची. तिच्याकडे आसपासच्या बऱ्याच गावांच्या भिंती होत्या. आल्या आल्या तिने पत्रावळी मागितल्या. आम्हाला वाटलं, पोरगी जेवायला बसते आहे. तिने त्यांचा ढीग मांडाच्या कडेला ठेवला आणि मला म्हणाली, "आजोबा, मधली एक पत्रावळ ओढा."

मी ओढली. सहज आली.

तिने ढिगावर जांभ्याचा चिरा ठेवला. "आता ओढा."

पत्रावळ फाटली, पण आली नाही.

"भिंत म्हणजे हेच," ती म्हणाली. "माती पुढे ढकलते. तिला अडवायला आपण समोर दगडाचा पहाड रचत नाही. मातीचा एक थर घालायचा, चोपायचा, त्यावर आडव्या पट्ट्या अंथरायच्या, पुन्हा थर, पुन्हा पट्ट्या. वरच्या मातीचं वजन पट्टीला दाबून धरतं. जी माती ढकलते, तीच माती पट्टीला सोडत नाही. समोर दिसतं ते नुसतं कातडं."

"वारुळासारखां," सगुणा म्हणाली. आमची सातेरी मूळची वारूळच, त्यामुळे आम्हाला ते लगेच पटलं.

ही पद्धत जुनी आहे. माझ्या तरुणपणीही मोठ्या रस्त्यांच्या पुलांना अशा भिंती असत. नवीन होती ती पट्टी. काथ्याची विणलेली, कुजू नये म्हणून कसला तरी रस पाजलेली, आणि तिच्या पोटात केसासारखा काचेचा धागा. त्या धाग्यातून उजेड सोडतात. पट्टी जराशी ताणली की धागा ताणतो, उजेड बदलतो, आणि तो बदल आकडा होऊन तक्त्यात जातो.

तक्ता म्हणजे निलोफरची स्प्रेडशीट. उभ्या-आडव्या रेघा आणि मध्ये घरं. मातीच्या प्रत्येक थराला एक ओळ. एका घरात पट्टीची लांबी, दुसऱ्यात दोन पट्ट्यांमधलं अंतर, तिसऱ्यात वर किती भार येणार, आणि अशी पुष्कळ. एका घरातला आकडा बदलला की सगळी घरं आपापसांत हिशेब करून बदलतात. सगळ्यात खाली निकाल. माती ज्या जोराने ढकलते, त्याच्या दीडपट जोराने भिंतीने धरून राहिलं पाहिजे. दीडच्या वर आकडा गेला की घर हिरवं, खाली आला की लाल.

पूर्वी भिंत बांधून झाली की तक्त्याचं काम संपायचं. तो कोणाच्या तरी संगणकात पडून राहायचा. आता भिंत उभी असेपर्यंत पट्ट्या आपापली घरं स्वतः भरत राहतात. भिंतीला कुठे दुखतंय ते भिंतच सांगते. त्यामुळे कायदाही बदलला होता. भिंत कशी असावी ते गावाने तक्त्यावर बसून ठरवायचं आणि इंजिनीअरने तपासून सही करायची. तक्ता मराठीत होता आणि बोलून भरता येत होता. अक्षरं मला साठीनंतर आली, पण ती एकेक घर वाचण्यापुरती पक्की होती.

निलोफर माती तपासायला घेऊन गेली, आकडे भरून गेली आणि सांगून गेली, "तुम्ही बसून लांबी, अंतर सगळं लावून बघा. हिरवं झालं की मला कळवा. मी येते."

आम्ही बसलो. मांडाच्या कडेला, सुरंगीच्या सावलीत, सगळी वाडी. सरपंच उर्मिला परबच्या मांडीवर ती पाटीसारखी टॅबलेट. शेजारी तिचे सासरे तातू परब, आमचे गावकरी. गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा.

"पट्टीची लांबी साडेचार मीटर," उर्मिला म्हणाली. तक्ता लाल.

"सहा कर," ढोलवाला बुधाजी म्हणाला.

सहा केल्याबरोबर हिरवं. टाळ्या पडल्या.

"सहा मीटर म्हणजे खयपर्यंत?" सगुणाने विचारलं.

पट्ट्या पुरायच्या तर तेवढी जमीन आधी मागपर्यंत खणावी लागते. उर्मिला उठली आणि मांडाच्या कडेपासून ढांगा टाकत मागे आली. ती सुरंगीच्या पलीकडे जाऊन थांबली. सगुणाने पदर खोचला आणि झाडाला पाठ लावून उभी राहिली.

"लिव परत साडेचार," तातू म्हणाले.

मग पट्ट्या जवळजवळ घालून पाहिल्या. पट्टी तुटण्याचं घर हिरवं झालं, पण 'सरकणे' नावाचं घर लालच राहिलं. तेव्हा कळलं की पट्ट्या कितीही घातल्या तरी सगळा गठ्ठाच अरुंद असेल तर तो गठ्ठ्यासकट पुढे सरकतो.

"वरचो भार कमी कर," कोणी तरी म्हणालं. "शिमग्याक ढोल अर्धे."

"ढोल अर्धे?" बुधाजी उठून उभा राहिला. "मगे पालखी काय मोबाइलार नाचवतलंस?"

ढोल होते तेवढेच राहिले.

उन्हं डोक्यावर आली. तक्ता लाल तो लालच. तेव्हा तातूंनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "देवी नाय म्हणाली तर आपण काय करतो? परत इचारतो. उर्मिला, ह्या घर कसला?"

"मातीचो कोन. अठ्ठावीस अंश."

हा कोन समजायला सोपा आहे. सुपात तांदूळ ओतले की ढिगाची बाजू एका उतारावर येऊन थांबते, त्याहून उभी राहत नाही. प्रत्येक मातीचा असा आपला उतार असतो. जितका कोन मोठा, तितकी माती आपल्या पायावर उभी राहणारी आणि ढकलायला कमी.

"कोणी सांगला अठ्ठावीस?"

"निलोफरबायन. माती तपासून."

"ती माती तेव्हा भिजलेली होती. आमची माती आमका म्हायत नाय? गरीब माती आसा. अडतीस लिव."

उर्मिलाने अडतीस सांगितलं. तक्ता बाईच्या आवाजात बोलला, "मातीचा कोन अडतीस अंश. खात्री आहे का?"

आता असा प्रश्न चारचौघांत, देवळासमोर आला की आमच्या गावात काय होतं ते ऐका. तातूंनी टोपी काढली, हात जोडले आणि आवाज लावला, "आई सातेरी, गावची राखणदार, आज तुझी लेकरां एक जागी जमली हत. तुझो मांड पडलो हा, तो उभो रवांदे..."

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी ओरडली. मीही ओरडलो, जन्माची सवय.

"भिंत धरून रवांदे..."

"व्हय म्हाराजा!"

तक्त्याला होकार हवा होता, तो भरघोस मिळाला. वरपासून खालपर्यंत सगळा तक्ता हिरवागार झाला. बुधाजीने ढोल आणला. नारळ फुटला. सगुणाने सुरंगीचा पहिला गजरा काढून टॅबलेटवर ठेवला.

निलोफर आली तेव्हा तिच्यासाठी घावणे केले होते. तिने एक घास घेतला, तक्ता उघडला आणि घास तोंडात तसाच ठेवून म्हणाली, "हा अडतीस कुठून आला?"

"कौल लावलो," तातू अभिमानाने म्हणाले.

सगळा प्रकार ऐकल्यावर ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, सगुणाने पाठीवर थापट्या मारल्या. मग तिने डोळे पुसले आणि ती माझ्याकडे वळली.

"आजोबा, कौलात नकार आला की तुम्ही काय काय बदलता?"

"दिवस बदलतो," मी म्हणालो. "नवस बदलतो. जागा, माणूस. आपलं आपलं जे असेल ते."

"आणि पाषाण?"

"पाषाण कसा बदलणार, बाय? त्यालाच तर विचारायचं."

तिने मातीच्या कोनाच्या घरावर बोट ठेवलं.

तातूंनी हळूच टोपी काढली. "म्हणजे आमी पाषाणच हलवलो?"

"थोडासा," ती म्हणाली. "चूक माझीही आहे. ते घर मी उघडं ठेवायला नको होतं."

तिने कोन पुन्हा अठ्ठावीस केला. तक्ता लाल झाला. मग तिने तक्त्याला रंग दिले. जी घरं मातीची, पाण्याची, म्हणजे जसं आहे तसं सांगणारी, ती राखाडी. जी आपल्या हातातली, ती पिवळी. पिवळी घरं आम्ही सगळी करून पाहिली होती. लांबी सुरंगीने अडवली, भार ढोलांनी. मी बोट लावून एकेक घर वाचत गेलो. एका पिवळ्या घरावर कुलूप दिसलं.

"ह्याला कुलूप का?"

"ती भिंतीची पुढची रेषा. भिंत मुळात कुठे उभी करायची ती जागा. भिंत पुढे घेतली तर पट्ट्यांना मागे सुरंगीपर्यंत जास्त जागा मिळेल. खाली बाग सपाट आहे, त्यामुळे उंची वाढत नाही. पण पहिल्या दिवशी मी हे विचारलं तेव्हा तुम्ही सगळे एकदम म्हणालात, पुढे बाबली गुरवाची बाग, तो विषय नको. म्हणून कुलूप लावलं."

"उघडून बघूक काय जाता?" सगुणा म्हणाली.

निलोफरने कुलूप काढलं आणि रेषा दोन मीटर पुढे सरकवली. कोन अठ्ठावीस, ढोल सगळे, सुरंगी जागच्या जागी. आणि तक्ता हिरवा.

या वेळी कोणी ढोल आणला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. डोंगराची माती दहा अंशांनी बदलायला आमच्यातल्या कोणाचा आवाज अडखळला नव्हता. बाबलीला विचारायचं म्हटल्यावर मात्र सगळ्यांना घरची कामं आठवली.

बाबली माझा चुलतभाऊ. देवळाची पूजा आमच्या दोन घरांत पाळीने चालते, एक महिना त्यांचा, एक आमचा. बारा वर्षांपूर्वी अधिक महिना आला तेव्हा तो कोणाच्या पाळीत धरायचा यावरून आमचं बिनसलं. त्याचं म्हणणं एक, माझं एक. दर तिसऱ्या वर्षी अधिक महिना येई आणि भांडण ताजं करून जाई. त्याचं घर मांडाच्या पलीकडे, खाली, हाकेवर. पण तो आमच्या दारावरून जायला नको म्हणून व्हाळाकडून, म्हणजे ओढ्याकडून, वळसा घालून देवळात येत असे. अगदीच काही सांगायचं असलं तर आम्ही दोघांच्या जमिनींच्या मधल्या कुंपणावर असलेल्या फणसाला सांगत असू. तो आपल्या बाजूने, मी माझ्या बाजूने.

मी, सगुणा आणि निलोफर खाली गेलो. बाबली अंगणात सुपारी सोलत बसला होता. आम्हाला पाहून त्याने पाट फिरवला आणि पाठ केली. मी फणसासमोर उभा राहिलो.

"फणसा," मी म्हणालो, "मांडाची भिंत दोन मीटर पुढे घेऊक व्हयी. थय पोफळीची एक वळ, एकच रांग आसा. तुझ्या मालकाक इचार."

पलीकडून सुपारी सोलायचा आवाज थांबला.

"फणसा," बाबली म्हणाला, "माझ्या कानार इला की वर मातीचो कोन बदललो. देवीसमोर. गाऱ्हाणा घालून. माती फसवूक निघाले, पण माका इचारूक तोंड नाय!"

निलोफर सगुणाच्या कानाशी लागली. "हे कोणाशी बोलतायत?"

"फणसाशी," सगुणा म्हणाली. "बारा वर्षां तोच मध्ये आसा. बिचाऱ्याक फणस कमी लागतत हल्ली."

"फणसा," मी म्हणालो, "चूक झाली ती कोनाची झाली. तो परत होतो तसो केलो हा. आता जागेचा काय ता सांगूक सांग."

"जागा देतंय म्हणान सांग," बाबली म्हणाला.

सगुणाने माझा दंड धरला.

"पण एक अट आसा."

मनात म्हटलं, आता हा अधिक महिना मागणार. आणि खरं सांगतो, मी तो द्यायला तयार होतो. सगुणा त्या झाडाला पाठ लावून उभी राहिलेली मी पाहिली होती.

"फणसा, अट काय ती इचार."

"फणसाक सांगान झाला," बाबली म्हणाला. त्याने पाट पुन्हा आमच्याकडे फिरवला. केस सगळे पांढरे झाले होते. इतक्या वर्षांत मी त्याला समोरून नीट पाहिलंच नव्हतं. "आता माका सांग."

काय बोलायचं ते मी वरून येताना जुळवत आलो होतो. पट्टीची लांबी, सरकण्याचा आकडा, सगळं. त्यातलं काहीच आठवेना.

"बाबली," मी म्हणालो, "जागा व्हयी रे."

"मगे घे ना." तो उठला आणि बागेच्या वरच्या कडेकडे हात केला. "मांड पडलो त्या दिसापासून ती वळ मोडून पडली हा. एक तरी नवीन पोफळ लावलंय काय थय, बघ. सगळी बाग परत लावलंय, ती वळ मोकळी ठेवलंय. कोण तरी इचारूक येयत म्हणान."

"मगे सांगूचा नाय?" सगुणा कडाडली. "वाडी उठाची वेळ इली!"

"सांगललंय, वहिनी. दोनदा." त्याने फणसाकडे बोट केलं. "ह्यो घोरत होतो."

आधी निलोफर हसली. मग सगुणा. मग मी कुंपण ओलांडून गेलो आणि पुढचं काही मला नीट दिसलं नाही, डोळ्यांत सुपारीच्या सालांची धूळ गेली असावी.

अधिक महिन्याचा निकाल सगुणाने तिथेच लावला. दोघांनी मिळून पूजा करायची, आणि नैवेद्य दोन्ही घरचा. देवीला दोन नैवेद्य मिळाल्याने तिची तक्रार असण्याचं कारण नव्हतं.

भिंतीच्या कामाला सगळी वाडी आली. जांभ्याचा चुरा पसरायचा, पाणी मारायचं, लहान रोलर फिरवायचा, पट्ट्या अंथरायच्या. भिंतीमागे पाणी साठू नये म्हणून दगडांचा थर आणि खाली नळ. पहिली पट्टी बाबलीने आणि मी दोन टोकांना धरून ताणली. तिच्यावर माती पडली, रोलर फिरला, आणि तक्त्यातलं तिचं रिकामं घर भरलं. एक छोटासा आकडा आला. मूल पहिल्यांदा रडलं की घरचे ओरडतात तसे सगळे आनंदाने ओरडले.

बाबलीने मात्र प्रत्येक थराला ऐकवलं, "ह्या टोक माझ्या जागेत आसा. खरा काम हय चल्ला हा, थय वर तुमचा नुसता झोपान."

पण इंजिनीअरच्या दृष्टीने ते जवळजवळ उलटं होतं. सुटू पाहणारी माती पुढची, धरून ठेवणारी पट्टी मागची. निलोफरने हे त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी ढकलतंय आणि भिवा धरता? मगे ता पयल्यापासून तसाच आसा."

पाऊस आला. आम्ही सगळे रोज तक्ता बघत होतो. आकडे चढले, जरा थांबले, पुन्हा चढले आणि मग एका जागी स्थिर झाले. खालचा निकाल हिरवाच राहिला. दसऱ्यानंतर निलोफरचा फोन आला. पट्ट्या प्रत्यक्षात किती ताणल्या त्यावरून तक्त्याने मातीचा खरा कोन शोधून काढला होता. जवळपास एकतीस.

"म्हटलंय नाय?" तातू गावभर सांगत फिरले. "गरीब माती!"

"अडतीस नाही ना पण," उर्मिला म्हणाली.

"ता आमी जरा कौतुकान सांगललां."

जिल्ह्यावरून पत्र आलं. वाडी इथेच राहणार. वाचून दाखवायला सगळ्यांनी मला बसवलं. मी सावकाश वाचलं, आणि शेवटची ओळ त्यांनी मला पुन्हा पुन्हा वाचायला लावली.

शिमग्यात देवळाच्या पांढऱ्या भिंतीवर तक्ता मोठा करून लावला होता. निलोफर खास आली होती, आईला घेऊन. पालखी उठली. पुढे मी, मागे बाबली. आम्ही दोघांनी शेवटची पालखी एकत्र नाचवली तेव्हा आमचे गुडघे वेगळे होते. ढोल सुरू झाले आणि भिंतीवरचे आकडेही नाचायला लागले. पालखी कडेला गेली की पुढच्या पट्ट्यांचे आकडे उसळत, मागे आली की बसत. बुधाजीच्या लक्षात आलं की जोरात वाजवलं तर खालचा निकाल थोडा उतरतो. मग काय, तो आणि त्याची माणसं ढोल फोडायच्या बेताने वाजवायला लागली. सगळा मांड आकड्याकडे बघत ओरडत होता.

"पुरे!" निलोफर हसत ओरडली. "भिंतीची परीक्षा झाली आहे!"

आकडा दीडच्या वर राहिला. बुधाजी दमला.

सगुणाने सुरंगीचे गजरे वाटले. निलोफरच्या आईने आपला गजरा नाकाशी धरला आणि विचारलं, "झाड कुठे आहे?"

मध्ये काही महिने गेले. परवा निलोफरचा फोन आला. आवाज जरा काळजीचा.

"आजोबा, भिंत उत्तम आहे, घाबरू नका. पण सगळ्यात वरच्या थरातल्या पट्ट्यांवर रोज सकाळी एक लहानसा भार येतो. मांडाच्या पलीकडच्या टोकापासून तुमच्या घराकडच्या टोकापर्यंत सरकत येतो, थांबतो, आणि काही वेळाने तसाच परत जातो. एक दिवसही चुकत नाही. तिथे तुम्ही काही ठेवता का? गाडी वगैरे?"

मी ओटीवर बसलो होतो. समोर बाबली बसला होता, बशी फुंकत.

"गाडी नाही, बाय," मी म्हणालो.

"मग काय आहे? मला तक्त्यात शेरा लिहायचा आहे. काय लिहू?"

सगुणाने दुसरा कप भरत आतूनच सांगितलं, "लिव, चाय."